बळ आणि आवर

नीतीचे प्रश्न आपण बहुधा मोठ्या प्रसंगांत शोधतो. युद्ध, देहदंड, संपत्तीची वाटणी या विषयांवर ख्रिस्तसभेच्या विचारवंतांनी विपुल लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु माणसाची विवेकबुद्धी रोज ज्या ठिकाणी कसाला लागते ती ठिकाणे पुष्कळदा अगदी किरकोळ असतात. अशाच एका किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. हौसेने सांभाळलेल्या जुन्या अमेरिकन मोटारीचे बळ थोडेसे वाढवावे काय, आणि वाढवायचे तर किती? धार्मिक-वाङ्मयीन त्रैमासिकात हा विषय पाहून काही वाचक हसतील. आमची त्यास हरकत नाही; त्यांनी पुढची पाने वाचून मग हसावे, एवढेच.

१९६०च्या दशकात अमेरिकेत मोटारींची जी एक जात जन्माला आली तिला 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराचा, साध्या कुटुंबाला परवडेल असा सांगाडा, आणि त्यात मोठ्या, जड गाडीसाठी बनवलेले आठ सिलिंडरांचे इंजिन, असा हा प्रकार. अंगापिंडाने पोरगेला आणि दंड मात्र पहिलवानाचे! ब्रेक, स्टीअरिंग आणि टायर पोरगेल्या अंगालाच साजेसे राहिले. हा असमतोल हेच त्या गाडीचे आकर्षण होते आणि तेच तिचे दुखणेही होते.

समजा, मिशिगन राज्यातल्या एका मध्यमवयीन गृहस्थाच्या गॅरेजात १९६५ सालची पॉन्टिॲक जीटीओ उभी आहे. वडिलांनी तरुणपणी घेतलेली, पुढे वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहिलेली, आणि आता मुलाच्या हाती आलेली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन. कारखान्याच्या कागदावर शक्ती ३३५ अश्वशक्ती. मुलाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. आणताना थोडी सुधारणा करावी, थोडे बळ वाढवावे, अशी इच्छा त्याच्या मनात येते. ही इच्छा आम्हांस स्वाभाविक वाटते. तिचा न्याय करण्यापूर्वी त्या गाडीचा जन्म कसा झाला ते पाहिले पाहिजे, कारण या गाडीचे मूळच एका नैतिक कसरतीत आहे.

१९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्स कंपनीने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश दिला. पॉन्टिॲक विभागाची सारी कीर्ती शर्यतींवर उभी होती, त्यामुळे तेथील अभियंते अडचणीत आले. कंपनीचा दुसरा एक नियम असा होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवावयाचे नाही. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पॉन्टिॲकचे ३२६ आणि ३८९ घनइंचांचे इंजिन बाहेरून सारख्याच मापाचे होते. एकाच्या जागी दुसरे सहज बसत होते. राहिला नियम. तो नियम गाडीच्या मूळ मॉडेलास लागू होता. गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागवावयाच्या ऐच्छिक संचास वरिष्ठांची मंजुरी लागत नव्हती. तेव्हा १९६४च्या टेम्पेस्ट ल मान्स गाडीवर सुमारे ३०० डॉलरचा एक ऐच्छिक संच ठेवण्यात आला आणि त्या संचात ते मोठे इंजिन दडले होते. विक्रीप्रमुखांना पाच हजार गाड्यांचीही खात्री नव्हती. त्या वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. पुढल्याच वर्षी कंपनीने आपली मर्यादा वाढवली. विकणाऱ्या मालापुढे नियम वाकतो, हा अनुभव आपल्या नगरपालिकांतही मिळतो.

संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये 'एपिकेया' नावाच्या एका सद्गुणाची चर्चा केली आहे. कायदा सर्वसाधारण परिस्थितीसाठी केलेला असतो. क्वचित असा प्रसंग येतो की त्याचे अक्षर पाळले तर त्याचा हेतूच मारला जातो. अशा वेळी अक्षर बाजूला ठेवून हेतू पाळणे, म्हणजे एपिकेया. पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी याच्या नेमके उलट केले. त्यांनी नियमाचे अक्षर जपले आणि हेतू मोडला. ते हुशार होते, धाडसी होते, आणि त्यांनी बनवलेली वस्तू देखणी होती, हे सारे मान्य. तरीही ऐच्छिक संचाची ती वाट सद्गुणाची होती असे आम्हांस म्हणवत नाही. पळवाट शोधणाऱ्या माणसाला आपल्या समाजात 'डोकेबाज' म्हणून जी वाहवा मिळते, ती ऐकताना आम्हांस हे आठवते.

नावाचीही तीच गत. 'जीटीओ' ही अक्षरे फेरारी कंपनीच्या गाडीवरून उचललेली. इटालियन भाषेत त्यांतील शेवटच्या शब्दाचा अर्थ 'शर्यतीसाठी प्रमाणित' असा होतो. पॉन्टिॲकची गाडी कोणी प्रमाणित केली नव्हती. जन्मदाखल्यावरचे नावच उसने. अशा लेकराकडून मोठेपणी सत्यवचनाची अपेक्षा करणे थोडे कठीणच.

मिशिगनमधील रॉयल ओक हे डेट्रॉइटच्या उत्तरेचे उपनगर. तेथील रॉयल पॉन्टिॲक या विक्रेत्याने 'बॉबकॅट' या नावाने एक संच विकावयास काढला. सौम्य सुधारणा म्हणजे काय, याचा तो उत्तम नमुना होता. सिलिंडर हेडखाली पातळ गॅस्केट, कार्ब्युरेटरला वेगळे जेट, ठिणगी पडण्याच्या वेळेत फरक, आणि इनटेक मॅनिफोल्डला तापवणारा गरम वायूचा मार्ग बंद करणारी गॅस्केट. नवे अवजड असे काही नाही. कारखान्याने लाखो गाड्यांसाठी सावधपणे, सरासरीने जे बसवलेले असते ते एका गाडीसाठी बारकाईने नीट लावायचे, इतकेच. शिंपी तयार कपडा मापाला लावून देतो, त्या जातीचे हे काम. आम्हांस यात दोष दिसत नाही. उलट कारागिरीचा आनंद दिसतो.

पण याच बॉबकॅटच्या नावाने एक असत्यही जगभर गेले. १९६४च्या मार्चमध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने जीटीओची चाचणी छापली. बॉबकॅट संच बसवलेल्या गाडीने ४.६ सेकंदांत ताशी ६० मैलांचा वेग गाठला, असे त्यात होते. त्या आकड्यांनी गाडीची कीर्ती झाली. पॉन्टिॲकच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनंतर स्वतः सांगून टाकले की त्या गाडीत ३८९चे नव्हे, ४२१ घनइंचांचे इंजिन होते. बाहेरून सारखे दिसत असल्याने कोणाला कळले नाही. म्हणजे ज्या गुणामुळे ही गाडी शक्य झाली त्याच गुणाने फसवणूकही शक्य केली. आकडा छापला गेला, तो वाचून तरुणांनी दुकानांत रांगा लावल्या आणि आपापली गाडी त्या आकड्याला का पोहोचत नाही म्हणून कितीकांनी स्वतःच्या इंजिनाला दोष दिला असेल! बाकी ३३५ हा आकडाही शंभर टक्के प्रामाणिक नव्हता. त्या काळी इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर आणि पूर्ण सायलेन्सर न जोडता मापीत असत. १९७२पासून अमेरिकन कंपन्या सारे जोडून मापलेला निव्वळ आकडा देऊ लागल्या आणि जाहिरातीतील घोडे एका रात्रीत कमी झाले.

रॉयल ओकवरून जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता त्या काळी तरुणांचा रात्रीचा आखाडा होता. सिग्नल हिरवा झाला की दोन गाड्या सुटत. १९९५पासून तेथे दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. याच रस्त्यावर एक चर्च आहे. लिझ्यूच्या संत तेरेजेला, म्हणजे आपल्या 'छोट्या तेरेजे'ला वाहिलेले. त्याच्या मनोऱ्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची भव्य दगडी प्रतिमा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ती दिसते.

या धर्मग्रामाची स्थापना १९२६ साली फादर चार्ल्स कॉगलिन यांनी केली आणि त्याच वर्षी ते रेडिओवरून बोलू लागले. मंदीच्या काळात गरिबांची बाजू घेणारा हा आवाज कोट्यवधी लोक ऐकत. पुढे त्या आवाजात ज्यूंविषयीचा द्वेष शिरला आणि वाढत गेला. १९४२ साली डेट्रॉइटचे महागुरुस्वामी एडवर्ड मूनी यांच्या आदेशाने त्यांचे राजकीय कार्य थांबले. त्यानंतर १९६६पर्यंत ते त्याच चर्चचे धर्मगुरू होते. म्हणजे जीटीओ गाड्या वुडवर्डवर गरजत होत्या तेव्हा आपल्या निवासात बसून ते ती गर्जना ऐकत असणार. विषयांतर झाले खरे. पण ध्वनिक्षेपक हेही बळ वाढवण्याचेच यंत्र आहे, आणि आवर घालणारे दुसरे कोणी नसेल तर त्याचे काय होते ते या धर्मगुरूच्या चरित्रात दिसते. ख्रिस्तसभेने हा आवर घातला, परंतु फार उशिरा घातला, हेही लिहिले पाहिजे.

आता गॅरेजातल्या गृहस्थाकडे वळू. त्याच्यापुढे सुट्या भागांची यादी आहे. तीत चार नळ्यांचा मोठा कार्ब्युरेटर, ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड, मोकळा एक्झॉस्ट, वेगळा कॅमशाफ्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मोठा रेडिएटर, रेडियल टायर, डिस्क ब्रेक असे पुष्कळ काही आहे. यांतले प्रत्येक काम 'थोडेसे' या सदरात मोडते असे विकणारा सांगतो. आम्ही त्या गृहस्थाचे मित्र असतो तर त्याला यादी उलट्या क्रमाने वाचावयास सांगितले असते.

कारण असे. १९६४ ते १९६६च्या जीटीओला चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक होते. गाडी थांबवणे म्हणजे तिच्या गतीची उष्णता करणे. आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ड्रम तापला की प्रसरण पावून आतल्या ब्रेक शूपासून दूर सरतो. शूचे अस्तरही तापून घसरू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या जोरकस थांबण्यात पाय खाली जातो आणि गाडी मात्र जात राहते. डिस्क ब्रेकमध्ये उष्णतेने चकती जाड होऊन पॅडच्या जवळच येते आणि ती उघड्यावर असल्याने लवकर निवते. शिवाय त्या वर्षांत ब्रेक तेलाचा मास्टर सिलिंडर एकेरी होता. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दुहेरी सिलिंडर १९६७च्या गाडीत आला आणि पुढील चाकांना डिस्क ब्रेक त्याच वर्षी ऐच्छिक म्हणून मिळू लागले. ही दोन्ही जुन्या गाडीला बसवता येतात. धाकट्या भावाचा सदरा थोरल्याला होतो तसे. राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ साली आले, म्हणजे आमच्या गृहस्थाच्या गाडीचेच ते जन्मवर्ष. चालकाच्या छातीत घुसणाऱ्या ताठ स्टीअरिंग दांड्याविषयी नेडर यांनी त्यात लिहिले होते. १९६६ साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

तेव्हा अगोदर ब्रेक, मग टायर, मग रेडिएटर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. हा क्रम तंत्रज्ञही सांगेल; त्यात धर्मशास्त्राचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की हा क्रम ठाऊक असूनही तो पाळणारे थोडे असतात. त्याचे कारण तंत्रज्ञानात सापडत नाही. ब्रेकवर खर्च केलेले पैसे कोणाला दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. मोकळा एक्झॉस्ट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

कॅमशाफ्टचे उदाहरण आम्हांस विशेष बोलके वाटते. इंजिनाच्या झडपा कधी आणि किती वेळ उघडाव्यात हे कॅमशाफ्ट ठरवतो. त्या अधिक काळ उघड्या ठेवल्या तर भरधाव चालताना इंजिनाला अधिक हवा मिळते आणि बळ वाढते. परंतु संथ चालताना आत येणारी हवा आणि बाहेर जाणारा धूर यांची सरमिसळ होते, इंजिन थरथरते, आणि इनटेकमधील निर्वात कमी होतो. आता पॉवर ब्रेक असलेल्या गाडीत चालकाच्या पायाला साहाय्य करणारा पडदा याच निर्वातावर चालतो. म्हणजे कॅमशाफ्ट जितका जहाल, तितके ब्रेकचे साहाय्य कमी. वाढलेले बळ हे आवराच्या खात्यातून काढलेले असते, आणि गॅरेजात उभ्या गाडीचा तो थरथरता आवाज ऐकून मालक खूश होत असतो! सौम्य आणि जहाल यांतली रेषा अश्वशक्तीच्या आकड्यावर ओढता येईल असे आम्हांस पूर्वी वाटे. दहा टक्के वाढ सौम्य, पंचवीस टक्के जहाल, असे काहीतरी. या उदाहरणाने आमचे मत बदलले. पहावयाचे ते असे की वाढ कशातून केली. जे इतर अवयव गाडीला सांभाळतात त्यांच्या वाट्यातून ती काढली काय? काढली असेल तर पाच अश्वशक्तीही जास्तच.

अक्विनस यांचे सुप्रसिद्ध तत्त्व असे की देवाची कृपा मानवी स्वभावाचा नाश करीत नाही, त्याला पूर्णत्व देते. लोखंडी इंजिनाला कृपेचा दाखला देणे धाडसाचे आहे, पण उपमा म्हणून वाचकांनी चालवून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्या. आपल्याकडे पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर चालवलेल्या लोकांना सीबी पॉइंट आठवत असतील. ते झिजत, त्यांच्यात कानस फिरवावी लागे, पावसाळ्यात तर सकाळी गाडी सुरू होणे हा देवाच्या हाती सोडायचा विषय असे. त्या पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली एक लहानसा इलेक्ट्रॉनिक भाग बसतो. बाहेरून काही दिसत नाही. ठिणगी दर वेळी त्याच क्षणी पडते. इंजिनाला जे करावयाचे होते तेच ते अधिक नीट करते. रेडियल टायरचेही तसेच.

कधी सुधारणा म्हणजे बळ कमी करणे, असेही होते. ३८९चे कॉम्प्रेशन १०.७५ला एक इतके होते, आणि ते त्या काळच्या शिसेयुक्त उच्च ऑक्टेन पेट्रोलवर बेतलेले होते. ते पेट्रोल आज पंपावर नाही. शिशाने मुलांच्या मेंदूला इजा होते हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी त्यावर १९९६पासून पूर्ण बंदी आली. भारतात ते २०००मध्ये बंद झाले. आजच्या पेट्रोलवर जुने इंजिन जोरात चालवले की ठोके मारू लागते आणि पिस्टन फुटू शकतो. शिवाय शिसे झडपांच्या बैठकांना झिजेपासून वाचवीत असे. आता तेथे कठीण धातूच्या कड्या बसवाव्या लागतात. जाणते कारागीर इंजिन उघडले की कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास उतरवतात. घोडे थोडे कमी होतात, गाडी आणखी पुष्कळ वर्षे चालते. काही हौशी मालक याला राजी नसतात. मूळ आकडा कमी झाला म्हणून त्यांना दुःख होते, जणू वडिलांची उंची कोणी कमी केली. पण ज्या इंधनाने शेजारच्या मुलांचे रक्त दूषित केले त्या इंधनासाठी घडवलेला आकडा जपून ठेवण्यात कोणती पितृभक्ती आहे, हे आम्हांस उमगत नाही.

येथे मूळपणाचा प्रश्न येतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'क्रमांक जुळणारी' गाडी म्हणजे जिचे इंजिन, गिअरबॉक्स वगैरे कारखान्यातून निघाले तेच आहेत अशी गाडी. तिला किंमत अधिक. सुधारणेचे विरोधक म्हणतात, एकही स्क्रू बदलू नका. प्लुटार्कने सांगितलेली थेसियसच्या जहाजाची गोष्ट वाचकांना ठाऊक असेल: कुजलेली फळी काढून नवी बसवता बसवता सारे जहाज बदलले, मग ते तेच जहाज काय? तत्त्वज्ञांनी यावर शतकानुशतके वाद घातला आहे. कार्डिनल न्यूमन यांनी १८४५ साली धर्मसिद्धान्तांच्या विकासावर जो ग्रंथ लिहिला त्यात हाच प्रश्न अधिक गंभीर विषयाला लावला आहे. खरी वाढ आणि बिघाड यांतला फरक ओळखण्याच्या त्यांनी काही खुणा दिल्या. वाढलेल्या वस्तूने मूळ ठेवण टिकवली पाहिजे, आणि आपल्या भूतकाळाला मोडून काढण्याऐवजी जपले पाहिजे, अशा अर्थाच्या दोन खुणा त्यांत आहेत. गाडीच्या बाबतीत दुसरी खूण पाळणे सोपे आहे. बॉनेटला भोक पाडू नका, सांगाडा कापू नका, काढलेला भाग फेकू नका. म्हणजे पुढच्या माणसाला मागे जाता येईल. ज्याला परत फिरता येत नाही अशा कामापूर्वी रात्रभर झोप काढावी, हा आमच्या आजोबांचा नियम होता. तो त्यांनी घराच्या भिंती पाडण्याविषयी सांगितला होता, पण येथेही चालेल.

तथापि मूळपणाचा खरा कस गाडी विकताना लागतो. १९६४ आणि १९६५च्या गाड्यांत जीटीओ हा केवळ ऐच्छिक संच असल्याने सांगाड्यावरील क्रमांकात त्याचा उल्लेख नसे. १९६६ साली ते स्वतंत्र मॉडेल झाले आणि क्रमांक २४२ने सुरू होऊ लागला. परिणाम असा की साध्या ल मान्सला मोठे इंजिन आणि तीन चकचकीत अक्षरे लावून तिला जीटीओ म्हणून विकणे त्या दोन वर्षांच्या गाड्यांत सहज शक्य आहे, आणि तसे घडतेही. खात्री करावयाची तर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत. पळवाटेने जन्मलेल्या गाडीने साठ वर्षांनंतरही पळवाट मोकळी ठेवली आहे, असे म्हणावे काय? स्वतःच्या आनंदासाठी कोणी ल मान्सची जीटीओ केली तर त्यात पाप नाही. विकताना गप्प राहिला तर सातवी आणि आठवी अशा दोन्ही आज्ञा एकाच बैठकीत मोडतात. सुधारणेलाही हेच लागू. बदललेला कॅमशाफ्ट बाहेरून दिसत नाही, आणि तो घेणाऱ्याचा पाय एके दिवशी त्या अर्धवट ब्रेकवर असणार आहे.

हे सारे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच: बळ हवे कशाला? १९९२च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात २२९० क्रमांकाच्या परिच्छेदात संयमाचा विचार आहे, आणि तेथे मद्याची धुंदी व वेगाची हौस ही दोन्ही एकाच वाक्यात येतात. त्यांपायी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानला आहे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात चालकांसाठी दहा आज्ञाही होत्या. गाडी हे सत्ता आणि वर्चस्व गाजवण्याचे साधन होऊ नये, असा त्यांतल्या एकीचा आशय आहे. वृत्तपत्रांनी तेव्हा थट्टा केली. वुडवर्डवर सिग्नलला उभ्या असलेल्या, शेजारच्या गाडीकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्या तरुणाला मात्र ती आज्ञा बरोबर समजली असती.

एवढ्यावरून बळाची हौसच मुळात वाईट असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या धर्मात देहाचा आणि वस्तूंचा द्वेष शिकवणारे पंथ होऊन गेले, आणि ख्रिस्तसभेने त्यांना नाकारले. जीटीओच्या महागड्या प्रकारात तीन कार्ब्युरेटर एका ओळीत बसवलेले असत. रोजच्या चालीत मधला एकच काम करी. बाजूचे दोन, चालकाने पाय खोल दाबल्यावरच जागे होत. ज्यांनी अशी गाडी चालवली आहे ते सांगतात की निम्मे सुख ते दोघे झोपलेले आहेत हे ठाऊक असण्यात होते. हे सुख आम्हांस निष्पाप वाटते, निदान जवळपास. आपल्या अंगात अधिक ताकद आहे आणि आपण ती वापरीत नाही, या जाणिवेत संयमही असू शकतो आणि गर्वही. कोणता आहे ते मालकाने स्वतः तपासावे. ते बाहेरच्याला कळण्याजोगे नाही.

पैशांचा आक्षेप राहिला. एवढ्या खर्चात किती भुकेले जेवले असते, असे कोणी म्हणेल. बेथानीच्या घरी सुगंधी तेलाविषयी हाच आक्षेप कोणी घेतला ते संत योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे, त्यामुळे तो उच्चारताना आम्ही जपून असतो. पण जुनी गाडी म्हणजे प्रभूचे चरण नव्हेत, हेही खरे. आणि म्हणून त्या दाखल्याआड लपताही येत नाही. या मुद्द्यावर आमचे समाधानकारक उत्तर तयार नाही. एक मात्र दिसते. ज्या मालकाने बळासाठी केलेला खर्च घरी लपवला, बिल गॅरेजातच ठेवले, त्याला उत्तर ठाऊक असते.

गृहस्थाने शेवटी काय केले असेल? आम्ही कल्पना करतो की त्याने पहिल्या हिवाळ्यात पुढचे डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसवले, दुसऱ्या हिवाळ्यात टायर आणि रेडिएटर. इंजिन उघडले तेव्हा कॉम्प्रेशन उतरवले, झडपांखाली कड्या बसवल्या, कॅमशाफ्ट मूळ मापाचाच ठेवला. कार्ब्युरेटर आणि ठिणगीची वेळ मात्र एका म्हाताऱ्या कारागिराकडून दोन दिवस बसून नीट लावून घेतली. काढलेले ड्रम, शू आणि एकेरी सिलिंडर त्याने तेल लावून एका लाकडी पेटीत ठेवले आहेत. पेटीवर गाडीचा क्रमांक, काढल्याची तारीख आणि का काढले ते खडूने लिहिले आहे. त्याची मुलगी आता गाडी चालवावयास शिकते आहे. पहिले चार आठवडे ती वुडवर्डवर जायची नाही, असे दोघांचे ठरले आहे.